अपाय, धोका आणि दोन हाडांची फुली

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद ताडून पाहायला मी बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात गेले होते. 1970च्या दशकात उभी राहिलेली ही वसाहत म्हणजे लेथ, प्रेस आणि पावडर कोटिंगच्या लहान लहान शेडची अखंड रांग. यंत्र पाहायचं राहिलं बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीवरची पाटीच मी बराच वेळ पाहत उभी राहिले.

ही पाटी आपण जन्मभर पाहतो, वाचत मात्र नाही. पांढऱ्या इनॅमलवर लाल रंग, मधोमध कवटी, तिच्याखाली दोन हाडं, वर 440 व्होल्ट. (प्रमाण दाब पुढे 415 ठरला, पण पाटीवरचा आकडा हलला नाही.) एका बाजूला इंग्रजीत ‘डेंजर’, दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत ‘अपाय’. ही मांडणी रंगाऱ्याच्या मनातून आलेली नाही. आयएस 2551 हे भारतीय मानक खास धोक्याच्या पाट्यांसाठीच आहे. आपल्याकडे सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिलेलं भित्तिचित्र कदाचित हेच असेल, आणि चित्रकाराचं नाव कुणी विचारलेलं नाही.

कवटीच्या आधी डोळ्यांत भरते ती हाडांची फुली. चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तशी. कवटी आपल्याला नवी नाही. कालीच्या गळ्यात ती आहे, भैरवाच्या हातात आहे. पण तिथे ती देवतेचं सामर्थ्य सांगते. हाडांची फुली मात्र युरोपातल्या थडग्यांवरून, चाच्यांच्या निशाणावरून आणि विषाच्या बाटल्यांवरून फिरत इथे आली. स्मशानाची खूण आणि मनाईची खूण अशी एकात एक बसली, म्हणून अक्षरओळख नसलेला माणूसही हात मागे घेतो. पिवळ्या त्रिकोणातला विजेचा बाण हे आजचं आंतरराष्ट्रीय चिन्ह. ते कारण सांगतं. कवटी परिणाम सांगते. मला कवटी अधिक प्रामाणिक वाटते.

आता शब्दांकडे. संस्कृतातल्या ‘अपाय’ शब्दाच्या मुळाशी निघून जाणं, नाश पावणं आहे. कन्नडमध्ये तो पुढे उभ्या असलेल्या संकटाचा शब्द झाला. मराठीत अपाय म्हणजे इजा. तो होतो किंवा टळतो. मराठी पाटी म्हणते ‘धोका’, जो हिंदीत विश्वासघात ठरतो, म्हणून हिंदी पाटीवर ‘खतरा’ येतो. तेलुगूत ‘प्रमादम्’ म्हणजे संकट, अपघात; मराठीत प्रमाद म्हणजे हातून घडलेली चूक. कारखान्यातल्या अपघातानंतर चौकशी कुठल्या शब्दापासून सुरू होते, त्यावर बरंच काही ठरत असतं. अनुवादकाला ही चैन वाटेल, पण प्रेसखाली बोटं गेलेल्या माणसाला नाही.

पाटीवर कोणती भाषा हवी, हेही कायद्यानं ठरवलेलं आहे. 1956च्या भारतीय वीज नियमांतला 35वा नियम सांगत होता: हिंदी किंवा इंग्रजी आणि जिल्ह्याची स्थानिक भाषा, सोबत कवटी आणि हाडं. 2010च्या नियमावलीनंही हेच ठेवलं. 1948च्या कारखाना कायद्यानं मात्र आपल्या सूचनांसाठी वेगळी अट घातली होती: इंग्रजी आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजेल ती भाषा. एक नियम जमिनीची भाषा विचारतो, दुसरा माणसांची. पीण्यात या दोन्हींत आता बरंच अंतर पडलं आहे. जाळीपलीकडच्या शेडमध्ये मला कन्नड ऐकू येत होती, पण हिंदी, भोजपुरी आणि ओडियाही. पाटी नियमानुसार अगदी बरोबर होती. कन्नड अक्षरं गोल, भरदार, लांबूनही दिसणारी. ती न वाचता येणाऱ्यांसाठी उरत होते फक्त आकडा आणि कवटी.

निघताना पुन्हा जाळीपाशी थांबले. पाटीखाली तारेनं एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर मार्करनं, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हाथ मत लगाना भाई’. पावसानं ‘भाई’ अर्धा पुसला होता.