माथेरान कोणी शोधले?

आम्हा ठाणेकरांना माथेरान तसे जवळचे. कोलशेतहून ठाणे स्टेशन गाठावे, कर्जत लोकलने नेरळला उतरावे, की डोंगर समोर उभाच.

१८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान 'शोधले', असे पुस्तकांत छापलेले असते. पण या डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होतेच. मग शोध कसला? साहेबाला ठाऊक झाले, इतकेच! पुढे बंगले उठले, पॉइंटांना लुइसा, पॅनोरमा अशी नावे पडली. १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीने छोटी गाडी वर पोहोचली.

याच माथेरानात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल जन्मले. वकील झाले. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या 'आझाद दस्त्या'ने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून पर्यटकांना माणसे ओढून नेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यास सांगितले. स्वातंत्र्यानंतर हे व्हायला अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली.

मंडळी, लाल मातीतून पायी हिंडा, पॉइंट जरूर पाहा. मुलांना मॅलेटसाहेबांची गोष्ट सांगाल तेव्हा भाई कोतवालांचीही सांगा.