पायाशी तीन भाषा

आजी गेली त्याला आता तीन वर्षं झाली. सुतक फिटल्यावर घरातली सगळी एकत्र बसली आणि गावच्या बसदीत तिच्या नावाची पाटी लावायचं ठरलं. मजकूर कुठल्या भाषेत लिहायचा, यावर मात्र गाडं अडलं. थोरले काका म्हणाले, कन्नडच. राहतो इथं, बसदी इथली, वाचणारी माणसं इथली. कोल्हापूरचा चुलतभाऊ ऐकेना. "आजीनं आम्हाला गोष्टी मराठीत सांगितल्या, मग पाटी परकी का?" 'परकी' हा शब्द काकांना लागला. ते उठून गेले. आत्या मला म्हणाली, "तू इतिहास शिकवतीस न्हवं? तूच काय ते लिहून दे." म्हणून मी जुन्या पाट्या बघायला लागले.

आपल्या धर्मात गेलेल्या माणसाची आठवण दगडावर कोरायची चाल फार जुनी आहे. त्या दगडाला निसिधी म्हणतात. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सातव्या शतकापासूनचे असे लेख आहेत. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका यांनी व्रतपूर्वक देह ठेवला, एवढंच त्यांत सांगितलेलं असतं. बढाई फारशी नाही. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज, त्यानं आपली आई पोचव्वे हिच्यासाठी त्याच टेकडीवर बसदी बांधली. एवढ्या मोठ्या सेनापतीलाही आईच्या नावानं काही करावंसं वाटलं, तर आमच्या काकांचं काय चुकलं?

पण मला जास्त आठवली ती समोरची विंध्यगिरी. फेब्रुवारी १९८१ मध्ये गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा आजी मला घेऊन गेली होती. मी नऊ वर्षांची. डोंगर चढताना तिनं चपला घातल्या नाहीत. पाण्याची बाटली घरूनच गाळून आणलेली. सत्तावन्न फुटांच्या मूर्तीकडं बघून माझी मान दुखली, पण आजी खालीच बघत होती. मूर्तीच्या पायांशेजारी दगडावर लेख आहेत. चामुंडरायानं मूर्ती करवली, हे तिथं कन्नडमध्ये आहे, तमिळमध्ये आहे आणि नागरी लिपीत मराठीतही आहे. भोवतीची ओवरी गंगराजानं करवली, हेही मराठीत आहे. आम्ही शाळेत हीच मराठीची सर्वांत जुनी कोरीव ओळ म्हणून शिकलो. ती नेमकी कधी कोरली यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि काहीजण अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखाला आधीचा मान देतात. आजीला त्या वादाचं काही नव्हतं. तिनं मला दोन्ही बाजू दाखवल्या आणि म्हणाली, "बघ बाळ, बाहुबलीच्या पायाशी तिघी बसल्यात. कोण कुणाला ऊठ म्हणत नाही."

हे ती उगाच बोलली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा ती तरुण सून होती. माहेर कोल्हापूरकडं, सासर इकडं. सासू कन्नड बोलणारी. एका रात्रीत माहेर दुसऱ्या राज्यात गेलं. पुढं मोर्चे झाले, बंद झाले, पाट्यांना काळं फासलं गेलं. आजी सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायची, णमोकार म्हणायची, आणि कोण कुठल्या बाजूचा हे न विचारता दारातल्याला ताक द्यायची. णमोकार तर प्राकृतातला. तो ना काकांच्या भाषेतला, ना चुलतभावाच्या.

पाटीचा मजकूर शोधत मी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीतही गेले. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज, त्यानं इ.स. १२०४ मध्ये ती बांधवली. छतावरचं दगडी कमळ बघत राहावं असं आहे. त्या दानाची हकीकत सांगणारे जुने कन्नड शिलालेख आज कुठं आहेत? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये! दगड समुद्रापार गेला. तेव्हा वाटलं, पाटीवर एवढा भरवसा कशाला ठेवायचा?

मग आठवली अत्तिमब्बे. दहाव्या शतकाच्या शेवटची ही श्राविका. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती तिनं हातानं लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नाही, कागद नाही, सगळं ताडपत्रावर. आपण शास्त्रदान म्हणतो ते हे. आजीला तिचं नाव ठाऊक होतं. श्रुतपंचमीला पोथ्या उन्हात ठेवताना ती सांगायची.

आजीच्या पेटीत एक वही सापडली होती. कोणी नीट बघितली नव्हती. मी उघडली. व्रतांचे दिवस मराठीत, बाळबोध अक्षरात. सासूकडून ऐकलेली स्तोत्रं कन्नड लिपीत. एका पानावर तर अर्धी ओळ इकडची, अर्धी तिकडची. चार इयत्ता शिकलेल्या बाईनं लग्नानंतर दुसरी लिपी शिकली, ती सासूला शास्त्र वाचून दाखवायचं म्हणून. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही तिच्या नावानं भांडत होतो आणि तिचं अक्षरही ओळखत नव्हतो, याची मला लाज वाटली.

ती वही मी काकांपुढं ठेवली. त्यांनी कन्नड पानं वाचली, चुलतभावानं फोनवरून मराठी पानं ऐकली. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग आत्याच म्हणाली, "पाटीचे पैसे पुस्तकांना घाला."

तेव्हापासून दर श्रुतपंचमीला गावातल्या शाळेच्या मुलींना आम्ही पुस्तकं देतो. निम्मी कन्नड, निम्मी मराठी. वहीच्या प्रती काढून घरोघर दिल्या. पाटी लागली नाही. काका अजून अधूनमधून म्हणतात, एक लहानशी तरी लावायला हवी होती. पण यंदा पुस्तकांचा गठ्ठा त्यांनीच आणला. मी मोजून बघितली, तर मराठी दोन जास्त होती.