'आय'च्या शेजारी 'वेअर' कुठून आला?

१/ इंग्रजी शिकताना प्रत्येक मराठी विद्यार्थी एका वाक्यापाशी अडखळतो: 'इफ आय वेअर यू'. 'आय' एकवचनी, मग 'वॉज' सोडून हे अनेकवचनी 'वेअर' का? 'अपवाद आहे, पाठ करा' असे उत्तर बहुधा मिळते. वस्तुतः हा अपवाद नाही आणि हे अनेकवचनही नाही. आजचा धागा या एका शब्दामागच्या हजार वर्षांच्या इतिहासाविषयी.

२/ आरंभ आपल्या घरातून करू. 'तो घरी असतो' आणि 'तो घरी असता तर' ही दोन रूपे मराठी माणूस कधीही एकमेकांत मिसळत नाही. पहिले घडणारे सांगते, दुसरे न घडलेले. 'ती असते', 'ती असती तर'. 'ते असतात', 'ते असते तर'. प्रथम पुरुषात मात्र हा भेद नाहीसा होतो. 'मी घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर' यांत क्रियापद एकच. भेद कळतो तो 'तर'मुळे. या दुसऱ्या रूपाला आपले व्याकरण संकेतार्थ म्हणते.

३/ जुन्या इंग्रजीत, म्हणजे आल्फ्रेड राजाच्या नवव्या शतकातील भाषेत, असा भेद जवळजवळ प्रत्येक क्रियापदाला होता. 'तो गातो' यासाठी 'सिंगेथ', 'तो गावो' किंवा 'तो गाईल तर' अशा छटेसाठी 'सिंगे'. अनेकवचनी 'सिंगाथ' आणि 'सिंगेन'. भूतकाळात 'मी होतो' याला 'वॅस', आणि कल्पनेतल्या 'मी असतो तर'ला 'वॅरे'. या 'वॅरे'चे आजचे रूप म्हणजे आपल्याला छळणारा 'वेअर'. अनेकवचनाशी त्याचे दिसणारे साम्य हे केवळ दोन जुनी रूपे झिजून एकसारखी झाल्याचे फळ आहे.

४/ झीज कशी झाली? इंग्रजीत शब्दाच्या आरंभावर आघात पडतो आणि शेवटचे अक्षर दुबळे राहते. आधी शेवटचे स्वर एकमेकांत मिसळले, मग पंधराव्या शतकापर्यंत उच्चारातून गळाले. हा भेद प्रत्ययांच्या आधाराने उभा होता. प्रत्ययच गेल्यावर 'शुड', 'मे', 'माइट' या साहाय्यक क्रियापदांनी त्याचे काम उचलले. नॉर्मन विजयाला (१०६६) याचा सगळा दोष देण्याची प्रथा आहे. पण ही झीज त्याच्या आधीच सुरू झाली होती.

५/ उरले काय? तृतीय पुरुषी एकवचनातला एक 'एस', किंबहुना त्याचा अभाव. 'गॉड सेव्ह द किंग' या घोषात 'सेव्ह'ला 'एस' लावून पाहा. देव राजाचे रक्षण करतो, अशी ती निव्वळ वार्ता होईल. 'एस' नाही म्हणून ती प्रार्थना आहे: रक्षण करो. आपल्याकडेही 'करो', 'देवो' ही रूपे रोजच्या बोलण्यापेक्षा आशीर्वादात आणि शोकसंदेशात अधिक भेटतात. जी वाक्ये लोक जशीच्या तशी पिढ्यान्पिढ्या म्हणतात, त्यांत जुने व्याकरण सुखरूप राहते.

६/ दुसरे आश्रयस्थान कायदा. १७८७ साली फिलाडेल्फियात लिहिलेल्या अमेरिकी राज्यघटनेत, विधेयक राष्ट्राध्यक्षांपुढे आले की काय व्हावे, हे सांगताना 'इफ ही अप्रूव्ह' असे शब्द आहेत. 'अप्रूव्ह्ज' नाही. पदाची शपथ कधी घ्यावी, हे सांगताना 'बिफोर ही एंटर'. आजच्या वाचकाला ही मुद्रणाची चूक वाटावी! पण अर्थ नेमका आहे: संमती अजून मिळालेली नाही, पदग्रहण अजून झालेले नाही.

७/ आठ वर्षांनी, १७९५ मध्ये, लिंडले मरे यांचे इंग्रजी व्याकरण निघाले. मरे मूळचे अमेरिकेतले वकील. इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेले. मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले ते पुस्तक पुढे जगभरच्या शाळांत शिरले. त्यांनी क्रियापदाचे पाच 'मूड' सांगितले, सब्जंक्टिव्ह त्यांतला एक. दादोबा पांडुरंगांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' (१८३६) घडले तेही इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर. गंमत अशी की ज्या भेदाची रूपे इंग्रजीत जवळपास झिजून गेली होती, ती मराठीत धडधाकट होती.

८/ १९२६ साली फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध प्रयोगकोशात सब्जंक्टिव्ह काही मोजके प्रयोग वगळता मरणपंथाला लागल्याचे नोंदवले. त्यांच्या इंग्लंडपुरते ते गैर नव्हते. मात्र अटलांटिकच्या पलीकडे वेगळेच घडत होते. 'सभा तहकूब करण्यात यावी' अशा ठरावाच्या भाषेत 'बी' हे मूळ रूप अमेरिकेत टिकले होते. विसाव्या शतकात मागणी, सूचना, आग्रह यांच्या वाक्यांत ते तिथे अधिकाधिक रुजले आणि शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश लेखनातही परतले. भाषेत गेलेले रूप सहसा परत येत नाही; म्हणून मला हा या कथेतला सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

९/ ते परतले, कारण त्याला काम होते. 'द कमिटी इन्सिस्ट्स दॅट ही इज प्रेझेंट': तो हजर आहे, असे समिती ठासून सांगते. यात 'इज'च्या जागी 'बी' घाला: तो हजर असावा, असा समितीचा आग्रह आहे. एक दावा, दुसरी मागणी. आपल्या 'आहे' आणि 'असावा' यांत जे अंतर, तेच. ब्रिटिश लेखक पुष्कळदा मागणीच्या अर्थानेही 'इज' लिहितात आणि मग संदर्भ पाहून अर्थ लावावा लागतो. करारात किंवा इतिवृत्तात ही संदिग्धता महागात पडू शकते.

१०/ 'इफ आय वॉज' चूक का? बोलण्यात ते कित्येक शतके आहे, चांगल्या लेखकांच्या लेखनातही आहे, आणि त्याने अर्थाचा घोटाळा क्वचितच होतो. त्यावर लाल शाई खर्च करणारे 'इज' आणि 'बी' यांच्यातला फरक मात्र अनेकदा तसाच सोडून देतात. औपचारिक लेखनात 'वेअर' लिहावे, हे मी तरी मानतो. पण दक्षता अधिक हवी ती दुसऱ्या ठिकाणी.

११/ शेवटी एक ताडून पाहण्याजोगी गोष्ट. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेचा इंग्रजी मसुदा उघडा. राष्ट्रपतींच्या शपथेच्या ६०व्या अनुच्छेदात 'बिफोर एंटरिंग' आहे. विधेयकांच्या संमतीविषयीच्या १११व्या अनुच्छेदात, परत पाठवलेले विधेयक सभागृहांनी पुन्हा संमत केले तर काय, हे सांगताना 'इफ द बिल इज पास्ड अगेन' आहे. 'बी' नव्हे, 'इज'. तेच प्रसंग, तीच सावध कायदेशीर भाषा. मधल्या १६३ वर्षांत इंग्रजीने त्या जागांवरून सब्जंक्टिव्ह उचलला होता.