यादवी युद्ध आणि पॅसिफिक रेल्वेचा कायदा

मुंबईंतील कापसाच्या तेजीची हकीकत आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक असेल. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारांत पैशाचा पूर लोटला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरला व अनेक पेढ्या बुडाल्या. खुद्द अमेरिकेंत मात्र त्याच युद्धानें एक फार दिवस अडलेलें काम मार्गी लावलें. तें काम म्हणजे पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग नेण्याचा कायदा.

एसा व्हिट्नी नांवाच्या व्यापाऱ्यानें १८४५ सालीं ही कल्पना अमेरिकन काँग्रेसपुढें, म्हणजे तेथील कायदेमंडळापुढें, मांडली. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्यावर तर ती अधिकच निकडीची झाली. वाद होता तो मार्ग कोठून जावा याचा. उत्तरेकडील प्रतिनिधींस तो आपल्या प्रदेशांतून हवा होता, दक्षिणेकडील प्रतिनिधींस आपल्या. हा केवळ अंतराचा प्रश्न नव्हता. रेल्वे जाईल तेथें वस्ती होणार, वस्तींतून नवीं राज्यें बनणार, आणि त्या राज्यांत गुलामगिरी असेल कीं नसेल, यावर काँग्रेसमधील बळाचा तोल ठरणार होता.

१८५३ सालीं काँग्रेसनें मार्गांच्या पाहणीसाठीं दीड लाख डॉलर मंजूर केले. त्या वेळचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस हे मिसिसिपीचे. त्यांचा कौल दक्षिणेकडील मार्गास पडला. त्या मार्गावर दृष्टि ठेवून मेक्सिकोकडून एक कोटि डॉलरला मुलूखहि विकत घेण्यांत आला. मोजणी झाली, अहवाल छापले गेले, परंतु कायदा कांहीं होईना.

डिसेंबर १८६० मध्यें दक्षिण कॅरोलिना संघराज्यांतून फुटलें. पुढें एकंदर अकरा राज्यें फुटलीं. त्यांचे बहुतेक प्रतिनिधि काँग्रेस सोडून गेले. डेव्हिस तर फुटीर राज्यांचे अध्यक्षच झाले. बाकें रिकामीं होतांच अडलेलीं बिलें चालूं लागलीं. १८६२ सालीं २० मे रोजीं वसाहतकऱ्यांस १६० एकर जमीन देणारा, १ जुलैस पॅसिफिक रेल्वेचा आणि २ जुलैस शेतकी व यंत्रविद्येच्या महाविद्यालयांचा, अशा तीन कायद्यांवर अध्यक्ष लिंकन यांनीं सह्या केल्या.

कॅलिफोर्निया संघराज्याशीं बांधून ठेवण्यास रेल्वे हवी, असें समर्थन करण्यांत आलें. तें खोटें नव्हतें. परंतु मार्ग पुरा झाला तो १० मे १८६९ रोजीं, युद्ध संपून चार वर्षें लोटल्यावर. म्हणून माझ्या मतें युद्धाची गरज हें निमित्त होतें. विरोधकांची गैरहजेरी हें खरें कारण.

या कायद्यानें कंपन्यांस मैलामागें सपाटीवर १६ हजार, तर उंच पर्वतांत ४८ हजार डॉलरचे सरकारी रोखे कर्जाऊ दिले, आणि वर मैलामागें दहा चौरस मैल जमीन बहाल केली. १८६४ सालीं ती जमीन दुप्पट झाली. पुढें, १८७२ सालीं, बांधकामाचा ठेका घेणाऱ्या मंडळीचे शेअर काँग्रेसच्या सभासदांस स्वस्तांत वांटल्याचें प्रकरण उघडकीस आलें.

गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनीं सभागृह सोडलें याची हळहळ कोणास वाटण्याचें कारण नाहीं. मात्र त्याच कायद्याचें एक कलम असें होतें कीं, मार्गांतील जमिनीवरील मूळच्या रहिवाशांचे, ज्यांस रेड इंडियन म्हणत त्यांचे, हक्क सरकारनें शक्य तितक्या लवकर संपुष्टांत आणावे. दक्षिणेचीं बाकें युद्धानें रिकामीं केलीं. या लोकांस तर त्या सभागृहांत बाकच नव्हतें. घाईच्या काळांतील कायदा वाचतांना, तो कोणीं केला याबरोबरच त्या वेळीं तेथें कोण नव्हतें, हेंहि विद्यार्थ्यांनीं विचारावें.