परमुलखातील फुरसत : बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे हंगामी जीवन

१९५०–५१ मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे पश्चिम महाराष्ट्रात असे कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या कोरडवाहू भागांतून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर अधिकच वाढले. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. या तात्पुरत्या वास्तव्यात फुरसतीला कितपत स्थान आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. पहाटे स्वयंपाक, दिवसभर तोडणी व मोळ्या बांधणे, वाहन येईल तेव्हा भरणी, असा दिनक्रम असतो. बैलगाडी हाकणाऱ्या पुरुषास कारखान्याच्या आवारात गाडी रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. गप्पा, तंबाखू, डुलकी तेथेच होते. त्याच वेळी स्त्री कोपीवर पाणी, सरपण व मुले सांभाळते. म्हणजे प्रतीक्षा हीच पुरुषाची फुरसत. स्त्रीस तीही लाभत नाही.

कामावर न जाणे म्हणजे 'खाडा', आणि खाड्यास दंड. त्यामुळे पाळीच्या दिवसांतही विश्रांती नाही. २०१९ मधील शासकीय पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणे अनेक असली, तरी खाड्याचे भय त्यांपैकी एक होते. यावरून असे दिसते की, फुरसतीचा इतिहास हा केवळ करमणुकीचा इतिहास नव्हे. विश्रांती कोणास नाकारली गेली, याचाही तो इतिहास आहे.