पोई म्हणजे पोळीच

घरी कणकेचा पाव भाजायचा माझा जुना नेम. मैदा चिमूटभरही नाही. गिरणीतून जाडसर दळून आणलेलं, न चाळलेलं गव्हाचं पीठ, यीस्ट, मीठ, पाणी. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या लोणावळ्यात श्रावणात कणीक फुगता फुगत नाही. अशाच एका दुपारी तीन तास झाले तरी पातेल्यातला गोळा ढिम्म. शेवटी गोळे हातानेच थापले, कोंड्यात घोळवले आणि कडकडीत तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवले. बाहेर आले ते चपटे, गोल, मधे टम्म फुगून आतून पोकळ. शेजारच्या वहिनी मूळच्या यवतमाळच्या. बघून म्हणाल्या, "ताई, हे त जाड पोयी झाली न वं!"

पोयी, म्हणजे वऱ्हाडीत पोळी! माझा हात थांबला. कोंड्यात घोळवलेल्या, चपट्या, आतून पोकळ पावाला गोव्यात काय म्हणतात? पोई.

पावाची सर्वांना ठाऊक असलेली कथा एका ओळीत आटोपते: १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांचा 'पांव' आला, यीस्ट नव्हतं म्हणून माडाच्या सुरेने पीठ आंबवलं गेलं, आणि भट्टीवाला झाला पोदेर. पाव पायाने मळतात म्हणून पाव, किंवा चार तुकड्यांतला एक म्हणून पाव, या व्युत्पत्त्या मी केव्हाच सोडून दिल्या. मराठी माणूस पायाला पाय म्हणतो, आणि चतकोरावरून अख्ख्या लादीला नाव पडत नाही. पाव पोर्तुगीजच. 'पावरोटी' म्हणताना तर आपण तीच वस्तू दोन भाषांत दोनदा म्हणतो.

पण पोई? तीही 'पांव'चाच अपभ्रंश, असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. एकाच भट्टीतून, एकाच पोदेराच्या टोपलीतून निघणाऱ्या दोन जिनसांपैकी एकीने परका शब्द पाव म्हणून नीट जपला आणि दुसरीने त्याच शब्दाची पोई केली, असं का व्हावं? शिवाय नाव वेगळं पडलं ते नेमकं कोंड्याच्या, चपट्या पावाचं. नव्या वस्तूला नवं नाव घेतलं. पण जी वस्तू आपल्या पोळीसारखी दिसली, तिला लोकांनी पोळीच म्हटलं. (आता अनेक भट्ट्यांत पोईतही मैदा मिसळतात, ते मनाला लागतं.)

राहिला 'ळ'. तो मुळातच निसटता. किनाऱ्यावरचे आगरी-कोळी त्याचा ल करतात, वऱ्हाड-खानदेशात त्याचा य होतो. डोळा तो डोया, पोळा तो पोया. बहिणाबाईंच्या गाण्यात ओढाळ मन 'वढाय' होतं ते याच वाटेने. कोणी म्हणेल, वऱ्हाड कुठे, गोवा कुठे. मधल्या देशावर तर ळ ठणठणीत आहे. खरं आहे. पण घसरणारा आवाज दोन ठिकाणी एकाच बाजूला घसरू शकतो, त्यासाठी एकाने दुसऱ्याकडून उसना घ्यावा लागत नाही. गोव्यातही पोळीची पोई अशीच झाली, हे माझं अनुमान, आणि मी त्यावर ठाम आहे.

पोळी शब्दाने याहून मोठे प्रवास केलेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त गव्हाची 'पोलिका' आहे. कानडीत प चा ह होऊन तिची होळिगे झाली, तमिळमध्ये ती पोळीच राहिली. आंबवलेल्या वस्तूला पोळी कसं म्हणतील, या शंकेला उत्तर आपल्याच तव्यावर आहे. आंबोळी म्हणजे आंबवलेली पोळीच की! आंबापोळी, फणसपोळीत तर गहूही नाही, चूलही नाही. पोळी हे आधी आकाराचं नाव आहे, पिठाचं नंतर.

लोणावळ्याभोवतीचं आमचं मावळ मात्र भाताचं. इथल्या जुन्या घरांत गव्हाची पोळी सणासुदीची, एरवी तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. विकतचा पाव घाट चढून आमच्याकडे रुळला तो या गाडीने, असं मी धरून चालते.

त्या दुपारपासून पावाचा उंच डोंगर व्हावा हा हट्ट मी सोडलाय. कोंड्याचे धारदार कण कणकेचे ताणलेले पापुद्रे कापतात, म्हणून असा पाव उंच चढत नाही. शिवाय चक्कीचं पीठ पाणी जास्त पितं. अर्धा किलोला चारशे मिलिलिटर तरी लागतं, आणि कोंडा भिजायला अर्धा तास. मग मऊ, हाताला किंचित चिकटणारी कणीक रात्रभर झाकून ठेवते. सकाळी पिशवीतला कोंडा परातीत पसरायचा, गोळा त्यावर ठेवून बोटांनी बोटभर जाडीचा थापायचा, कडा दाबायच्या नाहीत. ओव्हन जितका तापेल तितका तापवायचा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला काचेतून दिसतं: आधी एका बाजूला फुगवटा येतो, मग तो सरकत सरकत सगळी वरची कातडी उचलतो, अगदी निखाऱ्यावर टाकलेल्या भाकरीसारखी. पहिली निघाली की भिंतीवर थाप मारायची. वहिनी ठेचा घेऊन येतात.