सर्व्हर-समूहाची नोंदवही : बॅकअप आणि पुनःस्थापना

अनेक सर्व्हर एकत्र जोडून त्यांच्याकडून एकजुटीने काम करवून घेण्याच्या रचनेला 'क्लस्टर' म्हणतात. अशा क्लस्टरचे नियंत्रण करणारी 'कुबरनेटीस' ही प्रणाली गुगलने २०१४ मध्ये खुली केली. कोणते सॉफ्टवेअर किती प्रतींत चालावे, त्याला कोणते पासवर्ड लागतात, ही सर्व नोंद 'एट्सीडी' या डेटाबेसमध्ये असते. ही नोंद नष्ट झाल्यास सर्व्हर शाबूत असूनही क्लस्टर दिशाहीन होतो.

प्रती म्हणजे बॅकअप नव्हे

एट्सीडी साधारणतः तीन किंवा पाच सर्व्हरवर ठेवतात. बहुमत टिकून असेपर्यंत काम चालते; म्हणजे तीनपैकी एक अथवा पाचपैकी दोन सर्व्हर बंद पडले तरी चिंता नसते. मात्र चुकून पुसलेली नोंद सर्वच प्रतींतून पुसली जाते. म्हणूनच स्वतंत्र बॅकअप अनिवार्य ठरतो.

बॅकअप कसा घ्यावा?

क्लस्टर चालू असतानाच 'स्नॅपशॉट सेव्ह' या आज्ञेने संपूर्ण नोंद एका फाइलीत उतरवता येते. ही फाइल क्लस्टरबाहेर ठेवावी. मूळ मांडणीत पासवर्ड कूटबद्ध नसतात, त्यामुळे फाइल कुलूपबंदच हवी. सुरक्षा-प्रमाणपत्रे व सॉफ्टवेअरची स्वतःची माहिती स्नॅपशॉटमध्ये येत नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

पुनःस्थापना

प्रथम सर्व एपीआय सर्व्हर थांबवावेत. नंतर एट्सीडीच्या प्रत्येक सदस्यावर एकाच स्नॅपशॉटमधून, नव्या डिरेक्टरीत, माहिती उतरवावी. या वेळी सदस्यांना नवी ओळख मिळते, त्यामुळे जुने सदस्य त्यांत मिसळू शकत नाहीत. एट्सीडी सुरू झाल्यावर एपीआय सर्व्हर आणि त्यानंतर इतर नियंत्रक घटक पुन्हा सुरू करावेत. स्नॅपशॉटनंतर झालेले बदल परत मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

तालीम हवीच

३१ जानेवारी २०१७ रोजी 'गिटलॅब'च्या मुख्य डेटाबेसमधील माहिती चुकून पुसली गेली. हा डेटाबेस वेगळ्या प्रकारचा होता. धडा मात्र तोच. नित्याचा बॅकअप शोधला, तर ती जागा रिकामी निघाली. बॅकअप फसत असल्याचा इशारा देणारे ई-मेल नाकारले जात होते, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत सुदैवाने हाती लागली. त्यानंतरची माहिती कायमची गेली.

बॅकअप घेतला एवढ्यावर निश्चिंत राहू नये. ठराविक काळाने चाचणी-क्लस्टरवर तो उतरवून पाहावा. परत आणता येतो, तोच खरा बॅकअप.